घरातील वारा आणि नगरीचा न्याय

हवा ही कोणाच्या मालकीची नसते, असे सहज म्हटले जाते. पाण्याला पट्टी पडते, जमिनीला सारा पडतो, दिव्याला तेल विकत आणावे लागते. वाऱ्याला मात्र दाम पडत नाही, अशी सर्वांची समजूत असते. उघड्या माळावर उभ्या असलेल्या माणसापुरती ही समजूत खरी आहे. परंतु तोच माणूस शहरातील घरात राहावयास गेला, की वारा फुकट राहत नाही. घरात वारा येतो तो खिडकीने. खिडकीला अर्थ येतो तो तिच्यासमोरील मोकळ्या जागेने. आणि मोकळी जागा शहरात जमिनीच्या भावाने मोजली जाते. ज्याचे भाडे अधिक, त्याच्या खिडकीसमोर आकाश असते; ज्याचे भाडे कमी, त्याच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत असते. अशा रीतीने वारा हा केवळ निसर्गाचा विषय न राहता नगरसंस्थेचा विषय होतो, आणि त्याची वाटणी न्यायाने झाली की अन्यायाने, हे विचारणे प्राप्त होते.

मुंबई शहराचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात साथी आहेत, कायदे आहेत, बुद्धिमान अधिकारी आहेत, आणि सद्धेतूंची तर मुळीच वाण नाही. तरीही एक प्रश्न आरंभापासून अखेरपर्यंत डोके वर काढीत राहतो. अंधाऱ्या खोलीत राहणाऱ्या माणसाच्या नावाने जी सुधारणा झाली, तिचा वारा त्या माणसाच्या अंगाला लागला काय?

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढील चाळीस वर्षांत गिरण्या, गोद्या आणि आगगाडी यांच्या आश्रयाने कोकणातून व घाटावरून माणसांचा लोंढा शहरात आला. १८९१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ८,२१,७६४ भरली. या माणसांसाठी चाळी उभ्या राहिल्या. मधोमध अंधारा बोळ, त्याच्या दोन्ही अंगांस एकेका खोलीची बिऱ्हाडे, मजल्याच्या टोकाला नळ आणि संडास, अशी पुष्कळ चाळींची रचना असे. त्याच एका खोलीत स्वयंपाक, तेथेच जेवण, तेथेच निजणे आणि तेथेच बाळंतपण. चूल लाकडाची किंवा गोवऱ्यांची. तिच्या धुराला बाहेर जाण्यास धुराडे नसे.

दोन चाळींच्या मध्ये जी अरुंद पट्टी सोडलेली असे, तिला घरगल्ली म्हणत. टोपलीचे संडास साफ करणाऱ्या कामगारांच्या येण्याजाण्यासाठी ती असे, आणि वरच्या मजल्यांवरील केरकचरा व सांडपाणी तिच्यातच पडे. अनेक खोल्यांची एकुलती एक खिडकी या घरगल्लीवर उघडत असे. ती उघडावी तर दुर्गंध आत येई. मिटून घ्यावी तर चुलीचा धूर आत कोंडे. गिरणीत जाणारी माणसे, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, निदान दिवसाचे काही तास त्या खोलीबाहेर काढीत. चोवीस तास त्या हवेत राहत त्या बाळंतिणी, तान्ही मुले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे. घरातील हवेचा प्रश्न हा प्रथमपासून स्त्रियांचा आणि अर्भकांचा प्रश्न होता. तो तसा ओळखला मात्र पुष्कळ उशिरा गेला.

नगरसंस्थेला याची खबर नव्हती, असे नाही. १८८८ च्या कायद्याने मुंबईच्या महानगरपालिकेची घटना पक्की झाली होती आणि तिच्याकडे आरोग्यखाते होते. परंतु त्या कायद्यान्वये ७२ सभासदांपैकी ३६ सभासद करदात्यांनी निवडून द्यावयाचे होते. कर भरणारा तो घरमालक, आणि खोलीत राहणारा तो भाडेकरू. ज्याच्या खिडकीत वारा येत नव्हता त्याला मत नव्हते. ज्याने ती खिडकी भिंतीने बुजविली होती त्याला मत होते. इमारती किती उंच असाव्यात आणि त्यांच्यामध्ये किती जागा मोकळी असावी, या बाबतींत नियम सैल राहिले, याचे मर्म पुष्कळ अंशी या मतदारयादीत सापडते.

अशा स्थितीत १८९६ चा सप्टेंबर महिना उजाडला. मांडवी भागात धान्याच्या वखारी होत्या. तळमजल्यावर पोत्यांच्या थप्प्या आणि वर माणसांची दाटी, असा तेथील घरांचा प्रकार. त्या भागातील रोग्यांना तपासताना डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले आणि हा प्लेग आहे, असे उघडपणे सांगितले. गोव्यातील हडफडे गावी जन्मलेले हे वैद्यकशास्त्री स्वतः महानगरपालिकेचे सभासदही होते. त्यांच्या निदानावर प्रथम पुष्कळांचा विश्वास बसेना. परंतु थोड्याच आठवड्यांत शहराने त्याची भयंकर प्रचीती घेतली. माणसे शहर सोडून पळू लागली. १९०१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ७,७६,००६ एवढीच भरली. म्हणजे दहा वर्षांत वाढण्याऐवजी ती पंचेचाळीस हजारांनी घटली.

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे येरसँ यांनी शोधून काढला होता. तथापि तो माणसापर्यंत कसा पोचतो, हे अद्याप ठाऊक नव्हते. कोंदट हवा, ओल, अंधार आणि घाण यांतून रोग उपजतो, हा जुना समज अधिकाऱ्यांच्या मनात घट्ट होता. म्हणून नगरसंस्थेने आणि पुढे १८९७ मध्ये नेमलेल्या प्लेग समितीने आपला मोर्चा घरांकडे वळविला. भिंतींना चुना फासण्यात आला, जमिनी औषधी पाण्याने धुण्यात आल्या. छपरांची कौले उतरवून आणि भिंतींना भोके पाडून आत उजेड व वारा घेण्यात आला. जी घरे सुधारण्यापलीकडची वाटली, त्यांच्या भिंतींवर 'मनुष्यवस्तीस अयोग्य' या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे रंगविण्यात आली.

वस्तुतः घरात हवा येणे ही चांगलीच गोष्ट. परंतु ती ज्या रीतीने आणली गेली, त्या रीतीने तिला शिक्षेचे रूप आले. कौले उतरली ती गरिबाच्या खोलीची. सामान रस्त्यावर आले तेही त्याचेच. रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत नेण्याची सक्ती झाली. पुण्यात हीच सक्ती कोणत्या टोकाला गेली आणि जून १८९७ मध्ये रँडच्या वधाने तिचा शेवट कसा झाला, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. मुंबईत तो प्रसंग आला नाही. तथापि सुधारणेचा अधिकारी दारात आला की दार लावून घ्यावे, ही वृत्ती लोकांत दृढ झाली.

यात आणखी एक उपरोध दडलेला होता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराची येथे केलेल्या प्रयोगातून असे दाखवून दिले, की प्लेग उंदरांवरील पिसवांच्या द्वारे माणसाला होतो. १९०५ पासून मुंबईत परळ येथे झालेल्या विस्तृत संशोधनाने या मताला पुष्टी मिळाली. म्हणजे ज्या रोगासाठी भिंतींना भोके पाडली, तो रोग हवेतून पसरणारा मुळी नव्हताच. गाठीच्या प्लेगचे मूळ मांडवीच्या वखारीतील उंदरांत होते. परंतु त्याच अंधाऱ्या खोल्यांत दुसरा एक रोग मुकाट्याने आपले काम करीत होता, आणि तो मात्र खरोखर हवेतून पसरणारा होता. तो म्हणजे क्षय. बंद खोलीत एकाच्या खोकल्याने दुसऱ्याला तो जडतो. जेथे वारा खेळतो आणि ऊन पडते तेथे त्याचे बळ ओसरते. प्लेगच्या भीतीने हवेचा विचार सुरू झाला; त्या विचाराची खरी गरज होती ती क्षयासाठी.

प्लेगच्या दहशतीतून १८९८ मध्ये मुंबईत 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' या मंडळाची स्थापना झाली. ग्लासगो शहरात १८६६ मध्ये अशाच हेतूने स्थापन झालेली संस्था तिच्यापुढे नमुना म्हणून होती. दाट वस्त्या फोडून मोकळ्या करणे, नवे रस्ते काढणे, समुद्र हटवून जमीन मिळविणे आणि गरिबांसाठी आरोग्यदायी घरे बांधणे, ही या मंडळाची कामे ठरली. नागपाड्यासारख्या वस्त्या त्याने हाती घेतल्या. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढताना पश्चिमेकडील समुद्राचा वारा दाट वस्तीच्या पोटात शिरावा, असा हेतू होता. आज हेच रस्ते अनुक्रमे शामळदास गांधी मार्ग आणि सरदार वल्लभभाई पटेल मार्ग या नावांनी ओळखले जातात. जुन्या शहराच्या गचडीतून पश्चिमेच्या वाऱ्यासाठी वाट काढावी, ही कल्पना खरोखर मोठी होती.

परंतु रस्ता जेथून जातो तेथे आधी कोणाचे तरी घर असते. घरे पाडण्याचे काम वेगाने झाले आणि बांधण्याचे काम मागे राहिले. ज्यांची बिऱ्हाडे मोडली ते कामधंद्याच्या जागेपासून दूर जाऊ शकत नव्हते. पहाटे गिरणीचा भोंगा वाजला की पायी पोचता आले पाहिजे, हे त्यांच्या राहण्याचे पहिले गणित होते. म्हणून ते जवळच्याच दुसऱ्या चाळींत शिरले. तेथील दाटी वाढली, आणि दाटीबरोबर भाडेही वाढले. एका गल्लीत वारा आला, पण तेथील माणसे शेजारच्या गल्लीत गुदमरू लागली.

नुकसानभरपाईचा प्रकारही असाच विपरीत होता. घराची किंमत त्याच्या भाड्याच्या उत्पन्नावरून ठरे. ज्या मालकाने खोल्यांवर खोल्या चढवून आणि माणसे कोंबून भाडे वाढविले असेल, त्याला मोबदला अधिक मिळे. ज्याने अंगण सोडले, खिडक्या मोठ्या ठेवल्या आणि भाडेकरू थोडे घेतले, त्याला कमी. हवा कोंडणाऱ्याला बक्षीस आणि हवा सोडणाऱ्याला भुर्दंड, असा हा हिशेब होता. आणि भाडेकरूला तर या हिशेबात स्थानच नव्हते.

हा दोष मंडळातील एका अधिकाऱ्याने चांगला ओळखला होता. जे. पी. ऑर हे १९०९ पासून मंडळाचे अध्यक्ष होते. घरातील उजेड आणि वारा या विषयाला त्यांनी वाहून घेतले. त्यावर जाहीर व्याख्याने दिली आणि आकृत्या काढून लोकांना समजावून सांगितले. मुंबईत साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा जो नियम त्यांनी पुढे मांडला, तो समजावयास अगदी सोपा आहे. खोलीच्या खिडकीच्या पायथ्याशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे एक रेषा कल्पावी. ती रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक चढ करीत असेल, तर त्या खोलीला पुरेसे आकाश नाही, असे समजावे. भूमितीच्या हिशेबाने याचा अर्थ एवढाच, की दोन इमारतींमधील अंतर समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्म्याहून कमी असू नये. समोर चाळीस फुटांची भिंत असेल, तर मध्ये वीस फूट जागा मोकळी पाहिजे. हा कोन लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यातही आला होता. मुंबईत तो राहण्याच्या प्रत्येक खोलीसाठी कसोटी म्हणून लावावा, असा ऑर यांचा आग्रह होता.

या नियमाचे खरे महत्त्व त्याच्या आकड्यात नाही. त्याने प्रथमच इमारतीऐवजी खोली हा मोजमापाचा घटक धरला. चाळ बाहेरून किती भव्य दिसते, रस्ता किती रुंद आहे, हे त्याने विचारले नाही. तळमजल्यावरच्या, कोपऱ्यातल्या, सर्वांत कमी भाड्याच्या खोलीतून आकाश दिसते काय, एवढेच त्याने विचारले. न्यायाची मोजणी अशीच करावयाची असते. ती सर्वांत खालच्या पायरीपासून करावी लागते.

तथापि नियम चांगला असला तरी तो कोणाच्या घराला लागू झाला, हे पाहिले पाहिजे. जुन्या चाळींना तो मागे जाऊन लावणे म्हणजे त्यांचे कित्येक भाग पाडणे. ते मालकांना रुचणारे नव्हते. नवीन वसाहतींत मात्र मंडळाला आपल्या अटी घालता आल्या. दादर व माटुंगा येथे मोकळी जागा सोडून, झाडे लावून, बेताच्या उंचीच्या इमारतींच्या ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्या आजही नगररचनेचा उत्तम नमुना म्हणून दाखविल्या जातात. तेथे वारा खेळला. पण तो प्रामुख्याने कारकून, वकील, शिक्षक आणि व्यापारी यांच्या घरांत खेळला. नागपाड्याच्या आणि मांडवीच्या अंधाऱ्या खोल्यांतील हमाल व गिरणी कामगार तेथे जाऊन पोचले नाहीत. सुधारणा त्यांच्या दुःखातून जन्मास आली आणि दुसऱ्यांच्या अंगणात वाढली.

त्यांच्या वाट्याला काय राहिले, ते आकड्यांवरून कळते. १९११ आणि १९२१ या दोन्ही शिरगणतींत शहरातील सुमारे दोन तृतीयांश माणसे एकेका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत असल्याचे आढळले. १९२१ साली महानगरपालिकेच्या आरोग्यखात्याने अर्भकांच्या मृत्यूंची वर्गवारी खोल्यांच्या संख्येप्रमाणे केली. नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे एका खोलीच्या बिऱ्हाडांत ८२८ बालके वर्षाच्या आत दगावली. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत हा आकडा ३२२ होता, तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत १९१, आणि चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३.

या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात, त्यामुळे तेथील जन्माची नोंद मुंबईत होत नसे. मूल घेऊन परत आल्यावर ते दगावले तर मृत्यू मात्र मुंबईत नोंदला जाई. म्हणून ८२८ हा आकडा वस्तुस्थितीपेक्षा फुगलेला असणार. शिवाय दारिद्र्य, उपासमार, दूषित पाणी आणि मातेचे कष्ट ही कारणे हवेपासून वेगळी काढता येत नाहीत. एवढी सगळी वजावट करूनही चार पायऱ्यांचा तो उतार पुसला जात नाही. एका खोलीची भर पडली की मृत्यूचा आकडा खाली येतो, हे तेथे स्पष्ट दिसते. मुंबईत खोलीचे भाडे आणि अर्भकाचे आयुष्य यांचे नाते इतके जवळचे होते.

त्या काळी धुराविषयीचा कायदाही झाला होता. १९१२ चा मुंबईचा धूर-उपद्रव कायदा कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणाऱ्या धुरासाठी होता. धुराडे उंच असते. त्याचा काळा लोट मलबार टेकडीवरूनही दिसतो. चुलीचा धूर खोलीच्या बाहेर येतच नाही, म्हणून तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. तो येतो फक्त चुलीपाशी बसलेल्या बाईच्या डोळ्यांत. नगरसंस्थांची दृष्टी दीर्घकाळ रस्त्यावर थांबली आणि उंबऱ्याच्या आत गेली नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

घरे बांधण्याचा मोठा प्रयत्न त्यानंतर झाला. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकीर्दीत १९२० मध्ये सरकारने स्वतंत्र विकासखाते काढले आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाइल रोडवर ३२ आणि शिवडीस १२, अशा एकूण २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांत साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या होत्या. त्याच या बीडीडी चाळी. मध्ये बोळ, दोन्हीकडे एकेक खोली, हा जुनाच घाट येथे सिमेंट-काँक्रीटमध्ये पुन्हा उतरला. भाडे, अंतर आणि सोयींची उणीव यांमुळे आरंभी यांतील पुष्कळ खोल्या ओस पडल्या. आत राहणाऱ्याला न विचारता बांधलेल्या घराचे असे होते. पुढे मात्र याच चाळींनी कामगारांच्या तीन-चार पिढ्या वाढविल्या, चळवळी पाहिल्या, आणि शेजारधर्माचे एक जग निर्माण केले. त्यांच्या जागी नव्या उंच इमारती उभारण्याचे काम चालू झाले असून २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या रहिवाशांना नव्या घरांचा ताबा मिळाला.

मुंबईत हे घडत असताना त्या पाडापाडीच्या पद्धतीला दुसरा पर्याय आहे, असे सांगणारा एक मनुष्य देशभर हिंडत होता. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. १९१४ मध्ये ते भारतात आले आणि अनेक शहरांची पाहणी करून त्यांनी अहवाल लिहिले. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याविषयी आणि १९१८ मध्ये तुकोजीराव होळकरांच्या इंदूरविषयी त्यांचे अहवाल प्रसिद्ध झाले. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषेत घरे पाडण्यास त्यांचा सक्त विरोध होता. प्रथम गल्लीगल्लीतून पायी हिंडावे, कोणते घर पडीक आहे, कोठे विहीर आहे, कोठे पिंपळ आहे, कोठे देऊळ आहे, हे पाहावे. मग जेथे अगदी अवश्य तेथेच एखादी मोडकी भिंत काढून चौक मोकळा करावा. कुशल शस्त्रवैद्य जसा निरोगी भाग राखून सडलेला तेवढाच कापतो, तशी ही रीत होती. तिने वारा येतो आणि वस्तीही उठत नाही; खर्चही कमी लागतो.

इंदूर येथे गेडिस यांनी केलेला प्रयोग तर विशेष स्मरणीय आहे. त्या वेळी तेथेही प्लेगचे भय होते. महाराजांकडून त्यांनी एका दिवसापुरता शहराचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीच्या सुमारास एक मोठी मिरवणूक काढण्याचे जाहीर केले. मिरवणुकीचा मार्ग मात्र आधी ठरविला नाही. जो भाग आपली घरे व गल्ल्या सर्वांत स्वच्छ करील, त्या भागातून ती जाईल, असे सांगितले. घरोघरी झाडलोट, रंगरंगोटी आणि दुरुस्ती सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती. तिचे शेवटी दहन झाले. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी, की शहर साफ करणाऱ्या कामगारांना त्या मिरवणुकीत मानाचे स्थान मिळाले आणि त्यांच्या वस्तीतूनही ती नेण्यात आली. कागदाचा उंदीर जाळून प्लेग जात नाही, हे गेडिस यांना ठाऊक होते. मुंबईत जी स्वच्छता कौले उतरवून लादली गेली, ती येथे सणाच्या उत्साहाने दारात आली, एवढा फरक त्यांनी करून दाखविला. अंगणातील तुळशीवृंदावनाचेही त्यांना फार कौतुक होते. ज्या घरात तुळशीसाठी ऊन व मोकळी जागा राखली जाते, त्या घरात माणसासाठीही ती राहते, हे त्यांनी हेरले होते.

हैदराबादेत मुसी नदीच्या १९०८ च्या महापुरानंतर, १९१२ मध्ये शहरसुधारणा मंडळ स्थापन झाले आणि त्याने दाट वस्त्यांच्या जागी हवेशीर घरे बांधण्याचे काम हाती घेतले. संस्थानी शहरांतील हे प्रयत्न मुंबईच्या तुलनेने लहान होते. परंतु घर पाडण्याच्या आधी त्या घरातील माणसाचे पुढे काय, हा प्रश्न त्यांनी अनेकदा अधिक स्पष्टपणे विचारला.

मुंबईत १९२२ च्या कायद्याने महिना दहा रुपये भाडे देणाऱ्यास महानगरपालिकेच्या निवडणुकीत मत मिळाले. कामगारांच्या एका खोलीचे भाडे बहुधा याहून कमी असे, म्हणून अंधाऱ्या खोलीतील माणूस या वेळीही बाहेरच राहिला. १९३३ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला. १९४८ मध्ये प्रौढ मतदानाने निवडणूक झाली, तेव्हा कोठे खोलीत राहणारा आणि खोलीचा मालक मतपेटीपुढे समान झाले. प्लेगपासून तेथवर बावन्न वर्षे लागली.

मताधिकार आला, म्हणून वाराही आपोआप आला, असे मात्र झाले नाही. या शतकाच्या आरंभी रेल्वेमार्ग व रस्ते रुंद करताना जी झोपडपट्टीतील कुटुंबे हलवावी लागली, त्यांना पूर्व उपनगरांत पक्की घरे देण्यात आली. छप्पर पक्के, नळ घरात, संडास घरात. झोपडीच्या मानाने हा लाभ मोठा होता. परंतु थोड्या जागेत अधिक घरे बसावीत म्हणून मोकळ्या जागेचे नियम या वसाहतींसाठी शिथिल करण्यात आले. मानखुर्द-गोवंडी भागातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहतींची पाहणी डॉक्टरांच्या एका संस्थेने केली. २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेथे इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि खालच्या मजल्यांवर ऊन व वारा पोचत नाही, तेथे क्षयाचे प्रमाण अधिक आढळले. काही इमारतींमधील अंतर जेमतेम तीन मीटर होते. सात मजल्यांची इमारत सुमारे वीस मीटर उंच धरली, तर ऑर यांच्या कोनाप्रमाणे तेथे दहा मीटर जागा हवी होती. घरगल्लीचे नाव गेले, टोपलीचे संडास गेले. पण खिडकीसमोरची भिंत पुन्हा जागच्या जागी आली.

यावरून पूर्वीचे सारे श्रम वाया गेले, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. कोनाचा नियम आजही वास्तुविशारदांना मार्ग दाखवू शकतो. रुंद रस्त्यांनी लाखो माणसांना श्वास दिला. अर्भकांच्या मृत्यूचा १९२१ मधील तो भयंकर आकडा इतिहासजमा झाला. प्रश्न उरतो तो नियम कोणासाठी शिथिल होतो, याचा. दादर-माटुंग्याच्या वसाहतींत मोकळी जागा ही अट होती. विस्थापितांच्या वसाहतीत तीच मोकळी जागा चैन ठरली. गरिबाला घर द्यावयाचे म्हणजे त्यातील वारा कापूनच द्यावयाचे, हा समज प्लेगच्या काळाइतकाच जुना आहे आणि तितकाच घातक आहे.

कोणत्याही शहराने नवी वसाहत उभारताना, जुनी वस्ती मोडताना किंवा आरोग्याचा नवा उपक्रम आखताना, ऑर यांची ती कल्पित रेषा एकदा काढून पाहावी. तिचा आरंभ नेहमी तळमजल्याच्या, सर्वांत कमी भाड्याच्या खोलीतून करावा. तेथे चुलीपाशी बसलेल्या बाईला मान वर केल्यावर आकाश दिसते काय, हे तपासावे. दिसत असेल, तर वरच्या मजल्यांची चिंता करण्याचे कारण नाही. त्यांना ते दिसेलच. आणि ती खोली सुधारल्यावर त्याच बाईचे बिऱ्हाड तेथे टिकले की तिला उठून जावे लागले, हेही दहा वर्षांनी पुन्हा जाऊन पाहावे. मुंबईच्या इतिहासात पहिली पाहणी क्वचित झाली, आणि दुसरी बहुधा राहूनच गेली.